उन्हाळ्यात पहिल्यांदाच बोट घेऊन निघताय? आधी हे वाचा

पाण्यावरचा अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वादळ येतं. प्रत्यक्षात मौजेसाठी निघालेल्या छोट्या बोटींचे बहुतेक अपघात दिवसाउजेडी, संथ पाण्यात आणि हलक्या वाऱ्यात होतात. हवा छान असते, किनारा नजरेच्या टप्प्यात असतो, म्हणून माणूस गाफील राहतो. उकडतंय म्हणून लाइफ जॅकेट काढून बाकाखाली सारतो, दोन माणसं जास्तीची घेतो, परतायची वेळ तासभर पुढे ढकलतो.

नव्याने बोट चालवायला शिकणाऱ्यांना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: पाण्यात पडल्यावर करता येण्यासारखं फार थोडं उरतं. जीव वाचवणारी बहुतेक कामं बोट सुटण्याआधीच उरकायची असतात. त्यामुळे या लेखातला बराचसा भाग किनाऱ्यावरच घडतो. वल्ह्यांची होडी असो, कयाक असो, शिडाची बोट असो की मोटरबोट, क्रम हाच ठेवा.

सगळ्यात आधी लाइफ जॅकेट

अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या २०२३ सालच्या अहवालात मौजेच्या बोटींवरच्या ५६४ मृत्यूंची नोंद आहे. मृत्यूचं कारण कळलेल्यांपैकी तीन-चतुर्थांश माणसं बुडून गेली आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्के जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं. या विषयावर दुसरा कुठलाही आकडा लक्षात राहिला नाही तरी चालेल, हा राहू द्या.

‘जवळच ठेवलंय, वेळ आली तर घालू’ असं म्हणणारे खूप भेटतात. वेळ आली की काय होतं ते पाहायचं म्हणून मी एकदा संथ पाण्यात, काठावर एकाला उभं करून, जॅकेट हातात धरून उडी मारली आणि ते पाण्यातच अंगात चढवायचा प्रयत्न केला. मला चांगलं पोहता येतं. जॅकेट पाण्यावर ताठ तरंगतं आणि हात लावला की गिरकी घेतं. एक हात आत गेला की तेवढी बाजू वर उचलली जाते आणि दुसऱ्या हाताची जागा पाठीमागे सरकते. ती चाचपडताना दोन्ही हात अडकलेले, अंग पेलायला नुसते पाय, आणि तोंड पुन्हा पुन्हा पाण्याखाली. कसंबसं अंगात आलं तर बक्कल सापडेना. ओला पट्टा कमरेमागे कुठेतरी वळला होता आणि पाण्यातून दिसत नव्हता. सगळं जमेपर्यंत मला चांगलीच धाप लागली. पाणी कोमट होतं, डोक्याला मार लागलेला नव्हता, आणि आपण पडणार आहोत हे मला आधीपासून माहीत होतं. खऱ्या अपघातात यातलं काहीच आपल्या बाजूने नसतं. म्हणून जॅकेट धक्क्यावर चढवायचं आणि धक्क्यावर उतरल्यावरच काढायचं.

विकत घेताना किंवा भाड्याने घेताना आत शिवलेली पट्टी वाचा. पाण्यात प्रौढ माणसाला डोकं वर ठेवायला तीन ते पाच किलोंचाच जादा आधार लागतो, त्यामुळे जॅकेट फार जाडजूड असण्याची गरज नसते. पट्टीवर तरंगवण्याचा जोर न्यूटन या मापात लिहिलेला असतो. ५० न्यूटन असेल तर ते पोहता येणाऱ्यांसाठी, काठाजवळ आणि मदत हाताशी असतानाच. बेशुद्ध माणसाचा चेहरा ते वर करत नाही. संथ, आडोशाच्या पाण्यात १०० न्यूटनचं चालतं. खुल्या समुद्रात १५० न्यूटनचं हवं; शुद्ध हरपलेल्या माणसालाही उताणं करावं अशा बेताने ते बनवलेलं असतं.

मापाची परीक्षा सोपी आहे. सगळे पट्टे आवळा, हात वर करा आणि कुणाला तरी दोन्ही खांद्यांशी धरून जॅकेट वर खेचायला सांगा. ते हनुवटीच्या वर, कानांपर्यंत आलं तर मोठं आहे. मुलांच्या बाबतीत वाढत्या अंगाचं घ्यायची आपली सवय इथे पूर्ण बाजूला ठेवा, कारण सैल जॅकेटातून मूल खाली निसटतं. मांड्यांमधून जाणारा पट्टा आणि मानेमागे धरून उचलायला मूठ, या दोन्ही गोष्टी लहान मुलांच्या जॅकेटला हव्यातच. गॅसच्या नळकांडीने फुगणारी जॅकेटं हलकी असतात, उन्हात बरी वाटतात. पण नळकांडी रिकामी किंवा सैल असेल तर ते नुसतं कापड आहे. दर वेळी घालण्याआधी ती घट्ट पिळून पाहा. लहान मुलांना आणि पोहता न येणाऱ्यांना मात्र फोमचंच द्या.

आदल्या दिवशी

हवामानाचा अंदाज पाहताना नवखे लोक तापमान आणि पाऊस बघतात. बोटीला त्याहून जास्त महत्त्वाचा आहे वारा: किती वेगाचा, कुठून येणारा आणि दिवसभरात कसा बदलणारा. उन्हाळ्यात जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला पाण्यावरून खारे वारे सुटतात. मोठ्या तलावांवरही हेच होतं. सकाळी आरशासारखं दिसणारं पाणी दुपारी दोन-तीनच्या सुमारास खवळलेलं असतं ते यामुळेच. तापलेल्या दिवसाचे गडगडाटी ढगसुद्धा दुपारनंतरच उभे राहतात. पहिल्या काही सहली सकाळी लवकर सुरू करून दुपारच्या आत संपवा.

वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असेल तर जास्त सावध राहा, कारण तो फसवतो. काठाला आडोसा असल्यामुळे तिथलं पाणी अगदी निवांत दिसतं. जरा आत गेलात की वाऱ्याचा जोर कळतो, आणि तो तुम्हाला आणखी आत लोटत असतो. कयाक, पॅडलबोर्ड आणि हवा भरलेले तराफे अशा वाऱ्यात बघता बघता लांब जातात. हवेने फुगवलेली खेळणी तर त्या दिवशी पाण्यात नेऊच नका.

वाऱ्याचा वेग यंत्राशिवायही ताडता येतो. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस तुरळक दिसू लागला की वारा साधारण ७ ते १० नॉटचा असतो. जिकडे पाहावं तिकडे फेस दिसला की ११ ते १६ नॉटचा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. फेस सगळीकडे दिसत असेल तर छोटी बोट आणि नवखा चालक, दोघांनीही काठावरच थांबलेलं बरं. समुद्र किंवा खाडी असेल तर भरती-ओहोटीच्या वेळाही लिहून घ्या. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून वारा आला की खाडीच्या मुखाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि छोट्या बोटीत पाणी घेतात.

मग किनाऱ्यावर राहणाऱ्या एका माणसाला पुढची माहिती लिहून पाठवा: बोटीत किती जण, बोटीचा रंग आणि लांबी, कुठून निघणार, कुठपर्यंत जाणार, किती वाजता परतणार. शेवटचं वाक्य न चुकता घाला: ‘अमुक वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर या क्रमांकावर बचाव यंत्रणेला कळव.’ ही वेळ नेमकी सांगितली नसेल तर वाट पाहणारा ‘येतीलच इतक्यात’ म्हणत बसतो आणि तेवढ्यात अंधार पडतो.

धक्क्यावर, बोट सुटण्याआधी

गाडीवरून पाण्यात उतरवायच्या बोटीच्या तळाला, मागच्या बाजूला, साचलेलं पाणी काढायचं एक भोक असतं. त्याचं बूच लावलंय का ते हाताने चाचपून पाहा. नुसतं आठवून ‘लावलं होतं’ म्हणू नका. बूच विसरलेली बोट उतारावरून पाण्यात जाताना मी पाहिली आहे. माणसं चढली, सामान चढलं, इंजिन गुरगुरलं, आणि मागे बसलेल्या मुलाने पाय वर घेतले. त्याच्या टाचांशी दोन बोटं पाणी होतं. तोवर बोट काठापासून लांब गेली नव्हती, एवढंच बरं.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. इंधन भरताना इंजिन बंद, विस्तव बंद, सगळी माणसं धक्क्यावर, आणि दारं-झडपा लावलेल्या. सुट्या टाक्या बोटीतून काढून जमिनीवर ठेवून भरा. भरून झालं की सगळं उघडा. इंजिन बंदिस्त खणात असेल तर तिथला पंखा किमान चार मिनिटं चालवा, स्वतः वाकून वास घ्या आणि मगच किल्ली फिरवा. वास येत असेल तर इंजिन सुरू करायचं नाही, मग कितीही उशीर होवो.

इंधनाचा हिशेब तिहाईचा ठेवा: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश शिल्लक. परतताना वारा समोरून असेल तर ही शिल्लकच उपयोगी पडते.

बरोबर घ्यायच्या वस्तूंची यादी लांबवता येईल तेवढी लांबते. न चुकवायच्या त्या एवढ्या: अग्निशामक, पाणी उपसायला भांडं, वल्ह्याची जोडी, नांगर आणि त्याला पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट लांब दोर, फेकायला वेगळा तरंगणारा दोर, प्रत्येक जॅकेटला बांधलेली शिट्टी, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी, भरपूर पिण्याचं पाणी, आणि जलरोधक पाकिटात पूर्ण चार्ज केलेला फोन. फोन खिशात किंवा गळ्यात हवा. बोट उलटली की पिशवीतला फोन पिशवीबरोबर जातो.

बोटीत पाय ठेवताना

सामान हातात घेऊन चढू नका. आधी रिकाम्या हातांनी, वाकून, बोटीच्या मध्यावर पाय टाकून बसा, मग सामान हातोहात आत घ्या. एका वेळी एकच जण.

किती माणसं चालतील ते बहुतेक बोटींवर एका पट्टीवर लिहिलेलं असतं. पट्टी नसेल तर वीस फुटांपेक्षा लहान साध्या बोटीसाठी एक अंदाज वापरतात: लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, गुणा, आणि १५ने भागा. पंधरा फूट लांब आणि सहा फूट रुंद बोटीत सहा जण. हा आकडा साधारण ६८ किलोंच्या माणसाचा आणि शांत हवेचा आहे. सामान जड असेल किंवा वारा असेल तर माणसं कमी करा. वजन दोन्ही बाजूंना सारखं विभागा. काही दिसलं की सगळे एकाच कडेला धावतात, तेव्हा छोट्या बोटी कलंडतात. हे निघण्याआधीच सगळ्यांना बजावून ठेवा.

बोट धावत असताना पुढच्या टोकावर पाय खाली सोडून बसणं फोटोत सुंदर दिसतं. तिथून घसरलेला माणूस बोटीखाली जातो आणि मागे इंजिनच्या फिरत्या पंख्यापाशी (प्रोपेलरपाशी) निघतो. तिथे कुणालाही बसू देऊ नका, चार कडू शब्द ऐकून घ्यावे लागले तरी.

इंजिन सुरू झाल्यावर

चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची एक गुंडाळीची दोरी असते, तिचं दुसरं टोक इंजिनच्या बटणात खोचलेलं असतं. चालक फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. ती अडकवली नसेल तर बिनचालकाची बोट बहुधा एका बाजूला वळते आणि त्याच जागी गोल गोल फिरत राहते, म्हणजे पाण्यातल्या माणसावर पुन्हा पुन्हा येते. अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटींना ही दोरी १ एप्रिल २०२१पासून कायद्यानेच सक्तीची झाली. तुम्ही जिथे असाल तिथे कायदा असो-नसो, दोरी अडकवल्याशिवाय गिअर टाकू नका.

समोरासमोरच्या बोटींचे नियम १९७२ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले आणि १९७७पासून लागू आहेत. आतल्या पाण्यात स्थानिक नियम थोडे वेगळे असू शकतात, पण गाभा असा आहे. मोटरबोटी समोरासमोर आल्या तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील तर उजवीकडून येणारीला वाट द्यायची. मागून पुढे जाणाऱ्याने पुढच्यापासून लांबून जायचं. शिडावर चाललेल्या बोटीला मोटरबोटीने वाट द्यायची. मोठ्या जहाजाच्या बाबतीत मात्र हक्क कुणाचा हा प्रश्नच नको: त्याला वळायला आणि थांबायला फार जागा लागते आणि त्याच्या पुढच्या टोकाखाली काय आहे ते वरून दिसतही नाही. अंधारात लाल दिवा म्हणजे समोरच्या बोटीची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी. दोन्ही एकदम दिसले तर ती सरळ तुमच्यावर येते आहे.

नदीत असाल तर बंधाऱ्यांची ठिकाणं आधी माहीत करून घ्या. वरच्या बाजूने बंधारा दिसत नाही, पाण्याची फक्त एक सपाट रेघ दिसते. खाली पडणारं पाणी तिथेच गोल फिरत राहतं आणि त्यात सापडलेली वस्तू, बोट किंवा माणूस बाहेर येत नाही. ती रेघ लांबून दिसली की काठाला लागा.

ऊन, थकवा आणि दारू

तासन्‌तास ऊन, वारा, इंजिनचा आवाज आणि सततचे हेलकावे यांनी माणूस काही न करताही थकतो. नजर मंदावते, निर्णय उशिरा होतात. अशा अंगावर दारूचा परिणाम जमिनीवरच्यापेक्षा जास्त होतो. जीवघेण्या बोट-अपघातांच्या कळलेल्या कारणांत अमेरिकेत दारूचा क्रमांक पहिला आहे. चालकाने घ्यायची नाही हे सगळ्यांना पटतं. पण तोल जाऊन पडणारा बहुतेकदा प्रवासी असतो, हे लक्षात घेतलं जात नाही. पार्टी परतल्यावर करा.

रुंद काठाची, दोरीने बांधलेली टोपी, लांब बाह्यांचा सुती सदरा, आणि दर दोन तासांनी ३० किंवा अधिक एसपीएफचं सनस्क्रीन. तहान लागायच्या आधी पाणी प्या. कुणी असंबद्ध बोलू लागलं, अडखळू लागलं आणि अंग चटका बसावा इतकं तापलं असेल तर तो उष्माघात आहे. सावली करा, अंगावर पाणी ओता, ओल्या कापडाने वारा घाला, मदत मागवा आणि लगेच काठाकडे वळा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

गडगडाट ऐकू आला तर

वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि तेवढं अंतर विजेला जास्त नाही. मोकळ्या पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू तुम्हीच असता. म्हणून ढग ऐरणीसारखा वर पसरलेला दिसला की तेव्हाच परता, आवाजाची वाट पाहू नका. वाटेतच गाठलं तर जॅकेटं तपासा, गळाच्या काठ्या आडव्या ठेवा, मध्यावर खाली बसा आणि धातूला हात लावू नका. किनाऱ्यावर पोचल्यावर शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबा.

पोहायला थांबलात तर

नांगर नेहमी पुढच्या टोकाकडून टाका. मागून टाकला तर लाटा सपाट मागच्या कडेवरून आत येतात आणि बोट भरते.

मग इंजिन बंद करा आणि किल्ली काढून खिशात घाला. नुसतं न्यूट्रल पुरेसं नाही. मिनिटाला ३,२०० फेरे घेणारा तीन पात्यांचा पंखा एका सेकंदात १६० घाव घालतो. चालू इंजिनच्या मागे दुसरंही एक संकट असतं: कार्बन मोनॉक्साइड. तिला रंग नाही, वास नाही, आणि मागच्या फळीच्या आसपास ती साचते. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही तिची लक्षणं बोट लागल्यासारखीच असल्याने ओळखू येत नाहीत. इंजिन किंवा जनरेटर चालू असताना मागच्या फळीवर कुणी बसायचं नाही, तिथे लोंबकळायचं नाही. शेजारी दुसरी बोट इंजिन चालू ठेवून उभी असेल तर तिच्यापासूनही दूर व्हा.

शिडी आधी सोडा, मग उड्या. ओल्या अंगाने कडेवरून वर चढणं दमलेल्या माणसाला जमत नाही. सूर मारू नका, खोली माहीत नसते. प्रवाह असेल तर मागे एक लांब दोर तरंगता सोडा, वाहत चाललेल्याला धरायला. आणि विजेची जोडणी असलेल्या धक्क्याजवळ पोहू नका. गोड्या पाण्यात गळतीची वीज माणसाचे स्नायू जखडते आणि तो आवाज न करता बुडतो.

एका मोठ्या माणसाने पोहणाऱ्यांकडे पाहत बसायचं, हातात फोनही नको. बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या रेषेवर खाली-वर होत असतं, हात बाजूंना पाणी दाबत असतात, अंग उभं असतं आणि नजर कुठेच नसते. हे सगळं २० ते ६० सेकंदांत संपतं. मूल अचानक गप्प झालं असेल तर आधी त्याच्याकडे वळा.

कुणी पाण्यात पडलं तर

हे आधी रिकाम्या डब्यावर किंवा उशीवर सराव करून ठेवा.

१. ‘माणूस पडला’ असं मोठ्याने ओरडा. एकाने त्याच्याकडे बोट रोखायचं आणि नजर हलवायची नाही. लाटांमध्ये डोकं चेंडूएवढं दिसतं, एकदा हरवलं की सापडत नाही.

२. जो ज्या बाजूला पडला त्या बाजूला सुकाणू वळवा, म्हणजे बोटीची मागची बाजू आणि पंखा त्याच्यापासून दूर जातो.

३. हाताला येईल ते तरंगणारं फेका.

४. वळसा घालून, वाऱ्याकडे तोंड करून, सावकाश त्याच्याजवळ या. शेजारी पोचलात की इंजिन बंद.

५. वल्हं पुढे करा, दोर फेका. पाण्यात उडी मारणं हा शेवटचा उपाय. वाचवायला गेलेले अनेक जण स्वतःच बुडतात. शिडी नसेल तर दोराचा फास करून कडेला बांधा आणि त्यात पाय ठेवून चढायला सांगा.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबणं आणि श्वास आळीपाळीने चालू ठेवा. बुडालेल्याचं शरीर हवेवाचून थांबलेलं असतं, म्हणून इथे नुसती छाती दाबून भागत नाही. हे वाचून येणारं काम नाही. मोसम सुरू होण्याआधी एखाद्या प्रशिक्षणात ते हाताने करून घ्या.

तुम्हीच पाण्यात असाल तर

हवेच्या तापमानावर जाऊ नका. बाहेर अंग भाजत असलं तरी डोंगरातून येणारं किंवा खोल धरणातलं पाणी १५ अंशांच्या खाली असू शकतं. अशा पाण्यात पडताच धाप लागते, श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, आणि त्या पहिल्या घोटातच अनेकांच्या नाका-तोंडात पाणी जातं. थंड पाण्यासाठी एक हिशेब लक्षात ठेवतात: एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट फक्त श्वास आवरायला. उताणे व्हा, हात-पाय हलके पसरा, पोहू नका. पुढची दहा मिनिटं हातांना काम करता येतं, त्यात बोट, दोर, शिट्टी जे काही करायचं ते करा. त्यानंतर बोटं चालेनाशी होतात, पण गारठ्याने शुद्ध जायला साधारण एक तास लागतो, आणि तेवढा वेळ वर ठेवायचं काम जॅकेट करतं.

बोट उलटली तर आधी डोकी मोजा. मग बोटीला धरून राहा. किनारा जवळ वाटतो, पण पाण्याच्या पातळीवरून अंतर कळत नाही. उलटी बोटही बहुधा तरंगते, आणि शोधणाऱ्याला ती माणसापेक्षा खूप आधी दिसते. जमेल तेवढं अंग पाण्याबाहेर, तिच्या तळावर घ्या. नाहीच जमलं तर गुडघे छातीशी घेऊन हात जवळ आवळा; बरेच जण असाल तर गोल करून एकमेकांना चिकटा आणि मुलांना मध्ये घ्या.

मदत मागताना

समुद्रावर व्हीएचएफ (बोटींवरचा बिनतारी) रेडिओ असेल तर चॅनल १६. जीवावर बेतलं असेल तर ‘मेडे’ तीनदा म्हणा, बोटीचं नाव तीनदा, मग तुम्ही कुठे आहात, काय झालं आणि किती माणसं आहेत. ठिकाण आधी सांगा. संपर्क तुटला तरी तेवढं पोचलेलं असतं. इंजिन बंद पडलंय पण लगेच धोका नाही, अशा वेळी ‘पॅन-पॅन’ म्हणतात. रेडिओ नसेल तर तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. आणि काहीच हाताशी नसेल तर दोन्ही हात बाजूंना लांब करून सावकाश वर-खाली करत राहा. ही जगभर मान्य असलेली संकटाची खूण आहे. एका हाताने भराभर टाटा केल्यासारखं केलंत तर समोरचाही हात हलवून पुढे निघून जाईल.

परतल्यावर

बोट बांधा, इंधन बंद करा, जॅकेटं उलटी करून सावलीत वाळत घाला आणि शिवण कुठे उसवली आहे का ते बघून ठेवा. पण त्याही आधी, धक्क्यावर पाय टेकताच, ज्याला वेळ सांगून निघाला होतात त्याला फोन करा. तुम्ही विसरलात तर तो ठरलेल्या वेळी बचाव यंत्रणेला कळवणारच, कारण तुम्हीच त्याला तसं सांगितलंय. मग घरी झोपलेल्या माणसाला शोधायला एक बोट अंधारात बाहेर पडेल.